सोळा घरांची ओळ

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खिडकीबाहेर टे नदी,
बहुतेक सकाळी ती आहे हे फक्त ऐकून माहीत.
इथे त्या धुक्याला हार म्हणतात. पहिल्या आठवड्यात
मला तो गळ्यातला वाटला होता.

मुनेकाता एकसष्टाव्या वर्षी इथे आले,
दोन बॅगा आणि भात शिजवायचं भांडं घेऊन.
त्यांच्या नावावर नऊ गेम. मी लहानपणी एकच खेळले,
इचलकरंजीत, मामेभावाकडे, मागांच्या खडखडाटात,
आवाज बंद करून, कारण चालू ठेवून उपयोग नव्हता.
एक अक्षर वाचता येत नसताना
मी त्या नावाड्यापर्यंत पोचले होते.

तो एकच वाक्य बोलायचा.

वीस वर्षांनी, ऑफिसच्या मोरीपाशी, त्याचा अर्थ विचारला.
‘परत येताना पैसे नकोत.’
आणि त्या गोष्टीत परत येणं नव्हतंच.
पलीकडचा काठ जळतो, नाव जळते,
बटण दाबत राहा, नदी नुसती वाहते.
एवढ्या एका ओळीसाठी त्यांना पोतंभर पत्रं आली होती.
कसं सुचलं, मी म्हटलं.
ते कप विसळत होते. म्हणाले,
नावाड्याला मी चाळीस वाक्यं दिली होती.
त्याला बायको होती, गुडघेदुखी होती, राजावर राग होता.
कार्ट्रिजमध्ये जागा उरली सोळा घरांची.
हे बसलं.
बाकीची एकोणचाळीस जास्त चांगली होती.

पुढची वर्षं त्यांनी सलग कधी सांगितली नाहीत.
एखादं जेवताना, एखादं लिफ्ट अडकली तेव्हा.
सोळाची चोवीस झाली, मग मोजायची गरजच संपली.
राजांना आवाज आले. पावसासाठी वेगळा माणूस नेमला,
गवतासाठी तिघे.
सहाव्या गेममध्ये खलनायक अठरा मिनिटं बोलतो.
मीच लिहिलं, म्हणाले, आणि कुणी थांबवलं नाही.
नवव्यावर सातशे माणसं होती. तो पडला.
कॅमेऱ्यांपुढे मुनेकाता किती वेळ वाकून उभे होते
ते मोरॅगने व्हिडिओ लावून मोजलंय:
अकरा सेकंद.

हार आमच्याकडे दोन आहेत, मी त्यांना सांगितलं.
एक गळ्यात पडतो, एक पदरी पडते.
लिहायचं सारखंच?
सारखंच.
वा, म्हणाले, जागा वाचली.

माझ्याकडे गावकरी असतात. या खेपेला विहिरीवरची बाई,
पूर ओसरल्यानंतरची. मी तिला सात ओळी दिल्या.
आता डिस्कवर अख्खी डंडी मावेल, तरी मुनेकाता
कागदावर पट्टीने सोळा घरं आखतात,
पेन्सिल पुढे करतात.
मी आधी मराठीत लिहिते हे त्यांनी तेव्हाच पकडलं.
बोट ठेवून विचारलं: हा ज्ञ, एक की दोन?
दोन अक्षरं आहेत, म्हटलं, पण इतकी चिकटलेली
की सांधा कुठे होता ते कुणाला आठवत नाही.
त्यांनी बराच वेळ पाहिलं.
एका घरात दोघं, म्हणाले. भाडं एकाचंच घे.

संध्याकाळी ते जुन्या धक्क्यावर जातात.
रस्त्याचा पूल होण्याआधी इथून पलीकडे फायफला बोटी सुटायच्या,
मोरॅगचे आजोबा तिकिटं फाडायचे.
काल मीही गेले. दिवे लागले होते, पूल अर्ध्यावर पुसलेला.
विचारलं, त्या एकोणचाळिसांतलं एखादं सांगा ना.
त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला.
चाळीस वर्षं झाली, म्हणाले. एकच राहिलंय, गुडघ्याचं.

रात्री घरी बसून मी ते विहिरीवरच्या बाईला देऊन पाहिलं.
‘आज गुडघा बरा आहे.’
मधली मोकळी घरं धरून बारा.
चार उरतात.
मोरॅग म्हणते, भर काहीतरी.
बघू.